पतसंस्था बुडते ती कशाने?

‘पतसंस्थेतले पैसे आजच काढा’ हा मेसेज गेले काही महिने फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं: पतसंस्थांवर कुणाचा लगाम नसतो, तिथलं कर्ज बँकेने नाकारलेल्यांनाच मिळतं, ठेव ठेवायचीच तर खूप शाखा असलेल्या मोठ्या संस्थेत ठेवा, नाहीतर सरळ बँकेत, कारण बँकेत पैसा बुडत नाही. मी बारा वर्षं एका लहान पतसंस्थेच्या कर्ज समितीवर काम केलं आहे. हा मेसेज वाचून घाबरलेल्या दोन आजी ठेव मोडायला आल्या, म्हणून हे लिहितो.

आधी बँकेचं. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. हे खरं आहे आणि प्रत्येक ठेवीदाराला आम्हीच सांगितलं पाहिजे. पण म्हणून बँकेत पैसा अडकत नाही असं नाही. सप्टेंबर 2019 मध्ये पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेच्या ठेवीदारांना सुरुवातीला फक्त 1,000 रुपये काढता येत होते. तेव्हा विमा होता 1 लाखाचा. 5 लाखांचा झाला फेब्रुवारी 2020 मध्ये. पुढे ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली, तरी मोठ्या ठेवीदारांच्या नशिबी दहा वर्षांपर्यंतची वाट आली.

लगाम नाही, हेही चूक. रिझर्व्ह बँक नसली तरी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 आहे, सहकारी संस्थांवर देखरेख ठेवणारा सरकारी अधिकारी, म्हणजे निबंधक आहे. दरवर्षी लेखापरीक्षण, नफ्यातला किमान चौथा हिस्सा राखीव निधीला, लाभांश 15 टक्क्यांच्या वर नाही. शेअर्स कितीही असोत, मत एकच. लगाम ढिला पडतो तो सभासद सर्वसाधारण सभेला फिरकत नाहीत तेव्हा.

कर्जदारांबद्दल जे लिहिलंय त्याचा मला खरोखर राग आला. आमच्याकडे एक फळविक्रेता रोज शंभर रुपये पिग्मी, म्हणजे एजंट दारावर येऊन नेतो ती रोजची बचत, भरायचा. त्याच्याकडे पगाराची स्लिप नव्हती, आयकराचं विवरण नव्हतं, सिबिल स्कोअर तर नव्हताच. पण पावसाळ्यात त्याची पिग्मी पन्नासवर येते आणि गणपतीत दीडशेवर जाते, हे आमच्या एजंटच्या वहीत चार वर्षांचं लिहिलेलं होतं. त्या वहीवर आणि दोन जामीनदारांवर आम्ही त्याला हातगाडीसाठी कर्ज दिलं. त्याला बँकेने नाकारलं नव्हतं. बँकेला तो दिसतच नव्हता. पगारदारांच्या संस्थेत तर हप्ता पगारातूनच कापून येतो, त्याला कायद्यात कलम 49 आहे. आणि थकवलंच, तर कलम 101 खाली निबंधकाकडून वसुली दाखला, म्हणजे थकलेली रक्कम वसूल करायचा आदेश मिळतो, दिवाणी दाव्याच्या तारखा मोजत बसावं लागत नाही.

सगळ्यात घातक दावा, ठेव मोठ्या संस्थेत ठेवा हा. पतसंस्था बहुधा वाढीच्या घाईने बुडते. शाखा उघडली की भाडं आणि पगार सुरू होतात, म्हणून ठेवी हव्यात. त्या खेचायला दीड-दोन टक्के जास्त व्याज. आलेल्या ठेवीवर पहिल्या दिवसापासून व्याज चढतं, म्हणजे पैसा लगेच कर्जाला लागला पाहिजे. फळवाल्यांना पन्नास पन्नास हजार वाटायला वेळ लागतो, जमिनीच्या व्यवहारात एका माणसाला दोन कोटी द्यायला एक बैठक पुरते. तो थकला की कर्ज नवं-जुनं करायचं, म्हणजे नवं कर्ज देऊन त्यातून जुनं फेडलेलं दाखवायचं, की कागदावर थकबाकी दिसत नाही. जळगावच्या भाईचंद हिराचंद रायसोनी या मल्टिस्टेट, म्हणजे एकाहून जास्त राज्यांत काम करणाऱ्या पतसंस्थेचं जाळं गावोगावी होतं, तरी तिच्या ठेवीदारांचे हाल झाले. आणि मल्टिस्टेटची नोंदणी दिल्लीतल्या केंद्रीय निबंधकाकडे असते. जिल्ह्याच्या उपनिबंधकाकडे तक्रार घेऊन गेलेला माणूस हात हलवत परत येतो.

आम्ही एका वर्षी ठेवीचा दर एक टक्क्याने उतरवला, कारण चांगले कर्जदार कमी आणि ठेवी जास्त झाल्या होत्या. सभासद चिडले, काहींनी ठेवी काढल्या. तो निर्णय बरोबर होता असं मी आजही म्हणेन.

त्या दोन आजींना मी ठेव ठेवा किंवा काढा, काहीच सांगितलं नाही. वार्षिक अहवाल पुढे ठेवला आणि थकबाकीचं पान उघडून दिलं. संचालकांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या कर्जाची यादीही दाखवली, ती सभेपुढे मांडणं बंधनकारकच आहे. एकीने तासभर बसून सगळं वाचलं आणि निम्मी ठेव काढून बँकेत नेली. दुसरीने सभेची तारीख विचारून घेतली.