वाटू द्या, पण इंग्रजीतून

शेजारच्या काकूंनी जिन्यात गाठून "काय झालंय? चेहरा का उतरलाय?" असं विचारलं आणि तुम्ही "जरा रुखरुख लागलीय" असं उत्तर दिलंत, तर पुढचं सगळं तुम्हीच ओढवून घेतलंत. कारण लगेच प्रश्न येणार, "कसली?" मराठी भावनांना ही एक वाईट खोड आहे. हळहळ म्हटलं की कुणाबद्दल ते सांगा, चुटपुट म्हटलं की काय राहून गेलं ते सांगा, आणि जळफळाट म्हटलं की बढती कुणाची झाली ते सांगा. म्हणून शहाण्या माणसाने जे काही वाटून घ्यायचं ते इंग्रजीतून घ्यावं. "आय ॲम प्रोसेसिंग" म्हणा. गिरणीत दळण टाकलंय असं समजून लोक पुढे जातात.

सुरुवात 'पॉझिटिव्ह'पासून करा. २०२० मध्ये हा शब्द जरा आजारी होता. "त्यांच्या घरी सगळे पॉझिटिव्ह आहेत" असं कळलं की आख्खी सोसायटी दारं लावून घ्यायची. आता तो ठणठणीत बरा झालाय आणि पुन्हा सगळ्यांनी तसंच असावं अशी अपेक्षा आहे.

या 'पॉझिटिव्ह' विद्येचा थोडा इतिहास ठाऊक असलेला बरा, चहाच्या वेळी सांगता येतो. १९९८ मध्ये मार्टिन सेलिगमन अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचे अध्यक्ष होते. मनाच्या दुखण्यांचा अभ्यास पुष्कळ झाला, आता माणूस फुलतो कसा तेही बघू, असं त्यांनी मांडलं. त्यात वावगं काहीच नव्हतं. हेच सेलिगमन १९६७ मध्ये स्टीव्हन मायर यांच्याबरोबर कुत्र्यांना विजेचे झटके देत होते. झटका टाळणं आपल्या हातात नाही हे एकदा अंगवळणी पडलं की नंतर सुटकेची वाट मोकळी असली तरी बरीच कुत्री जागची हलत नाहीत, असं त्यांना दिसलं. आपल्या कंपन्यांनी हे दोन्ही धडे एकत्र गिरवलेत. सोमवार ते गुरुवार झटके आणि शुक्रवारी दुपारी चार ते सहा पॉझिटिव्हिटीचं सेशन, समोसा-चहासकट.

त्या सेशनला जाच. तिथे 'रेझिलियन्स' मिळतो. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ उसळी मारून मागे येणं. चेंडू उसळतो तसं. चेंडू आधी कोणी आपटला, हे तिथे विचारायचं नसतं. ज्यांची पगारवाढ झाली नाही त्यांना हा शब्द दोनदा वाढतात.

घरी हिशोब चोख ठेवा. २००५ मध्ये बार्बरा फ्रेडरिक्सन आणि मार्सियल लोसादा या दोघा संशोधकांनी गणित मांडून दाखवलं होतं की माणूस बहरायचा असेल तर एका वाईट भावनेमागे २.९०१३ चांगल्या भावना लागतात. दशांशचिन्हापुढे चार आकडे! भाजीवाल्याकडेही इतकं काटेकोर वजन मिळत नाही. म्हणजे "कचरा अजून खाली ठेवला नाहीस?" असं एकदा विचारलंत की दोनदा "वा!" म्हणायचं आणि तिसऱ्या "वा!"चा काना थोडा आखूड ठेवायचा. २०१३ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ ॲलन सोकल यांच्यासह तिघांनी ते गणित उघडं पाडलं आणि लेखातला गणिताचा भाग मागे घेतला गेला. ही बातमी समोसा येईपर्यंत कोणाला सांगू नका.

आता नातेवाईक. मराठीत त्यांची वर्गवारी करताना माणूस थकतो. कोणी खवचट, कोणी कुजकट, कोणी तिरसट, कोणी तुसडा, कोणी नुसताच आगाऊ. खवचट आत्याबरोबर संध्याकाळ मजेत जाते, तुसड्या काकांबरोबर पाच मिनिटंही जात नाहीत, आणि आगाऊ मेहुणा लग्नात सामान हलवायला उपयोगी पडतो. हे सगळं लक्षात कोणी ठेवायचं? 'टॉक्सिक' म्हणा आणि सगळ्यांना एका पिशवीत घाला. खवचट आत्या त्यात उगाच मरते, पण कपाट आवरायचं म्हणजे थोडं नुकसान व्हायचंच.

एक पथ्य मात्र पाळा. हे शब्द वापरा, पण शब्दकोशात बघू नका. 'हॅपी' हा शब्द 'हॅप' म्हणजे नशीब, योगायोग यावरून आलाय. हे कळलं तर 'आनंद हा तुमचा चॉइस आहे' या फलकाखाली बसणं अवघड होईल. 'एन्थुझियाझम'चं ग्रीक मूळ म्हणजे देव शरीरात शिरणं, म्हणजे आपल्याकडे ज्याला अंगात येणं म्हणतात ते. मॅनेजर "मला टीममध्ये एन्थुझियाझम दिसला पाहिजे" म्हणाला की समोर हळद, लिंबू आणि घुमणारी बाई दिसायला लागते. 'ॲटिट्यूड' पूर्वी चित्रातल्या किंवा पुतळ्याच्या उभं राहण्याच्या ढबेला म्हणत. "तिला फार ॲटिट्यूड आहे" असं म्हणणारी आपली मंडळी, खरं सांगायचं तर, मूळ अर्थाच्या बरीच जवळ आहेत.

आणि 'माइंडफुलनेस'. बौद्ध ग्रंथांतल्या पाली 'सति'साठी पालीचे अभ्यासक ऱ्हीस डेव्हिड्स यांनी १८८१ मध्ये हा इंग्रजी शब्द योजला. 'सति' म्हणजे आपली स्मृती. रोजच्या बोलण्यात आपल्याकडे 'भान' आहे. आजी "भानावर ये" म्हणून डोक्यात टपली मारायची. फी नाही, ॲप नाही, वर्गणी आपोआप कापली जात नाही. अशा फुकटच्या गोष्टीने मन शांत होईल यावर कोण विश्वास ठेवणार? इगतपुरीला विपश्यनेसाठी दहा दिवस मौनात बसवतात, तेही फी न घेता, पण तिथे फोन काढून घेतात. मग आपण माइंडफुल आहोत हे लोकांना कळवायचं कसं?

कोणाकडे कोणी वारलं, तर पूर्वी जाऊन नुसतं बसायची पद्धत होती. चपला काढायच्या, बोलायचं काही नाही, कोणीतरी पाणी आणून द्यायचं. पार्किंग मिळत नसताना हे कशाला? 'स्टे स्ट्राँग' आणि हात जोडलेलं चित्र, अकरा सेकंदांत काम होतं.

एवढं सगळं जमलं तरी काकू उरतातच. परवा त्यांना जिन्यात "आय ॲम प्रोसेसिंग" असं म्हणून पाहिलं. कोथिंबिरीची जुडी एका हातातून दुसऱ्या हातात घेत त्या पायरीवर टेकल्या आणि म्हणाल्या, "बरं. कसलं?"

यावर अजून इंग्रजीत शब्द निघालेला नाही. तोवर पहिल्या मजल्यावर राहत असलात तरी लिफ्ट वापरा.