खुन्याला माफी दिल्याने सैन्याची इज्जत वाढत नाही

"युद्धात असं व्हायचंच." आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा श्रीलंकेच्या सैन्याने तिथल्या युद्धात मारलेल्या तमिळ नागरिकांवरून वाद पेटला आणि चार-पाच जणांनी हेच लिहिलं. शिकलेली, एरवी मदतीला धावणारी माणसं. ग्रुपवर मला नीट उत्तर देता आलं नसतं, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

डिसेंबर 2000. श्रीलंकेच्या उत्तरेला जाफना द्वीपकल्पातलं मिरुसुविल गाव. सरकारी सैन्य आणि वेगळ्या तमिळ देशासाठी लढणारी लिट्टे ही सशस्त्र संघटना यांच्यात युद्ध चालू होतं. युद्धामुळे घरदार सोडून दुसरीकडे राहणारे काही तमिळ गावकरी आपली घरं, आपली जमीन कशी आहे ते बघायला परत आले होते. श्रीलंकेच्या सैनिकांनी त्यांना धरलं, डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या, गळे चिरले आणि पुरून टाकलं. आठ माणसं. त्यात एक पाच वर्षांचं मूल. एक जण जखमी अवस्थेत निसटला, म्हणून हे जगाला कळलं. तो निसटला नसता तर ही आठ नावं आणखी काही 'बेपत्ता' लोकांच्या यादीत गेली असती.

यात युद्ध कुठे आहे? चकमक नव्हती, अंधारात चुकून सुटलेली गोळी नव्हती. डोळे बांधलेल्या निःशस्त्र माणसाच्या गळ्यावर सुरी फिरवायला वेळ लागतो. आणि लहान मुलापर्यंत पोचेस्तोवर थांबायलाही भरपूर वेळ असतो.

घटनेपासून निकालापर्यंत जवळजवळ पंधरा वर्षं गेली. जून 2015 मध्ये कोलंबोच्या कोर्टाने स्टाफ सार्जंट सुनील रत्नायके याला फाशी सुनावली. बाकीचे चार आरोपी सुटले. (श्रीलंकेत 1976 नंतर कोणाला प्रत्यक्ष फाशी दिलेली नाही, त्यामुळे व्यवहारात ती जन्मठेपच.) 2019 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने शिक्षा कायम केली. हजारो प्रकरणं हवेत विरली, त्यात हे एक शेवटपर्यंत पोचलं होतं. आणि मार्च 2020 मध्ये, सगळं जग कोरोनाने दारं लावून बसलेलं असताना, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे यांनी त्याला माफी देऊन सोडून दिलं. हेच गोटाबाया युद्धाच्या शेवटच्या वर्षांत संरक्षण सचिव होते.

माझा सगळा संताप या माफीवर आहे. गुन्हा एका माणसावर सिद्ध झाला होता. माफीने तो सरकारने आपल्या अंगावर घेतला.

ग्रुपवरचा दुसरा मुद्दा: "आणि लिट्टेने काय केलं?" लिट्टेने फार भयंकर गोष्टी केल्या. 1990 मध्ये उत्तरेतल्या मुसलमानांना घरांतून हुसकावलं, राजीव गांधींना मारलं, शेवटी 2009 मध्ये स्वतःच्याच लोकांना ढाल केलं. पण त्या पाच वर्षांच्या मुलाने यातलं काय केलं होतं? संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी 2011 मध्ये लिहिलं की अखेरच्या काही महिन्यांत 40,000 पर्यंत नागरिक मेले असू शकतात. एवढ्या मोठ्या आकड्यापुढे माणूस सुन्न होतो आणि मग 'व्हायचंच' म्हणून मोकळा होतो. म्हणून मी आठांबद्दलच बोलतोय.

माझे मामा सैन्यात होते. सैनिकाच्या घरात काय सोसावं लागतं ते मी आजोळी पाहिलंय. म्हणूनच सांगतो, गुन्हेगाराला वेगळं काढून शिक्षा दिली की बाकीच्या जवानांची वर्दी स्वच्छ राहते. आणि हे काही परकं शहाणपण नाही. चिपळूणच्या छावणीतल्या आपल्याच लोकांना शिवाजी महाराजांनी पत्रात काय बजावलं होतं? कुणब्याचं धान्य, भाकर, गवत, भाजीपाला ओरबाडू लागलात, तर लोक म्हणतील यापेक्षा मोगल बरे. भाकरीसाठी एवढी ताकीद!

आता अवघड भाग. 21 ऑक्टोबर 1987, ऐन दिवाळी. आपली शांतिसेना, म्हणजे शांतता राखायला श्रीलंकेत पाठवलेलं भारतीय सैन्य, जाफन्यात होती. तिथल्या सरकारी हॉस्पिटलमध्ये डॉक्टर, नर्स, पेशंट गोळ्यांनी मेले. वाचलेले लोक सांगतात की आपल्या जवानांनी आत शिरून गोळीबार केला. आपल्या बाजूचं म्हणणं, आतून गोळ्या आल्या, चकमकीत माणसं सापडली. गोटाबायांना जाब विचारणाऱ्या मला इथे गप्प बसता येणार नाही. त्या दिवसाची सगळी कागदपत्रं उघड व्हावीत, तिथल्या साक्षीदारांचं म्हणणं भारत सरकारने अधिकृतपणे नोंदवून घ्यावं, त्यांच्यातले काही जण अजून हयात आहेत तोवर. यावर ग्रुपमधून मला काढलं तरी चालेल.