‘चौसष्टनंतरची सगळी भंगार’? जरा लिव्हर उघडून पाहा

अमेरिकेत जुन्या रायफलींचा, त्यातही विंचेस्टर कंपनीच्या मॉडेल ९४ चा (चापाभोवतीची लिव्हर खाली-वर करून काडतूस भरायच्या रायफलीचा) विषय निघाला की कुणीतरी हे ऐकवतोच: ‘१९६४ च्या आधीची असेल तरच घ्या. त्या हाताने घडवलेल्या, अचूक. नंतरच्या सगळ्या भंगार, आणि जपानमधल्या तर विंचेस्टरच नव्हेत.’

यात खरं आहे ते आधी मान्य करतो, कारण ते थोडं नाही. बंदुकांचा रचनाकार जॉन ब्राउनिंग याच्या या रचनेतले भाग पोलादातून कोरून काढावे लागत आणि ती मजुरी कंपनीला परवडेनाशी झाली होती. म्हणून १९६४ मध्ये कात्री चालली. काडतूस वर उचलणारा लिफ्टर पत्र्याचा झाला, भरीव पिनांच्या जागी पोकळ पिना आल्या, रिसीव्हरचं, म्हणजे यंत्रणा सामावणाऱ्या मधल्या सांगाड्याचं, पोलादही बदललं. त्यावर नेहमीचं ब्ल्यूइंग (पोलादाला दिला जाणारा निळा-काळा थर) धरत नसे, म्हणून वेगळा मुलामा दिला. तो उडाला की पंचाईत. पुन्हा ब्ल्यूइंग करायला जावं तर जांभळट-लालसर काहीतरी निघतं. त्या काळातली लिव्हर चालवली की खुळखुळते. लोक चिडले ते उगाच नाही.

पण ‘नंतरच्या सगळ्या’? विंचेस्टरचा अमेरिकेतला न्यू हेवनचा कारखाना २००६ मध्ये बंद पडला. म्हणजे ४२ वर्षांचा माल एका फटक्यात मोडीत! पत्र्याचा लिफ्टर सत्तरच्या दशकातच गेला, ऐंशीच्या दशकात घडाईचे रिसीव्हर परत आले. १९६६ च्या रायफलीचा राग १९८५ च्या रायफलीवर काढणं म्हणजे वड्याचं तेल वांग्यावर. त्याच ऐंशीच्या दशकात रिकामं काडतूस सरळ वर न उडता तिरकं बाहेर पडू लागलं, त्यामुळे रिसीव्हरवर दुर्बीण बसवता आली. जुन्या रायफलीत ती अडचण कायमची.

कमकुवत म्हणाल, तर १९७८ मध्ये याच ९४ चा ‘बिग बोअर’ अवतार आला, ९४ च्या नेहमीच्या .३०-३० काडतुसापेक्षा बराच जास्त दाब देणाऱ्या .३७५ विंचेस्टर काडतुसासाठी. त्यासाठी रिसीव्हरची मागची बाजू जाड केली होती. रचनाच फुसकी असती तर एवढं धाडस कुणी केलं नसतं. खुळखुळणं वेगळं, फुटणं वेगळं.

‘हाताने घडवलेल्या’ यावर काय बोलावं! १९६४ पर्यंत २५ लाखांच्या वर रायफली निघाल्या होत्या. किती लोहार बसवले होते म्हणे?

अचूकतेचं म्हणाल, तर लिफ्टर पत्र्याचा की भरीव, हे गोळीला कळत नाही. बॅरल आतून कशी आहे, चाप कसा आहे, नेम धरायची साधनं कशी आहेत, यावर ते ठरतं. उलट पूर्वीच्या काडतुसांतल्या प्रायमरचे (ठिणगी पाडणाऱ्या टोपीचे) क्षार बॅरलमध्ये राहून गंज धरत. १९२० ची रायफल बाहेरून कितीही देखणी असली तरी नळीत उजेड टाकून पाहिल्याशिवाय पैसे काढू नयेत.

राहिली जपानची. ती मिरोकू ही जपानी कंपनी बनवते, रीतसर परवान्याने, आणि तिचं फिटिंग पन्नाशीच्या दशकातल्या रायफलीशेजारी ठेवलं तरी लाजायला नको. माझी तक्रार वेगळी आहे. नंतरच्या रायफलींत गोळी सुटल्यावर आपोआप जरा मागे सरणारा घोडा आला, आणि १९९२ च्या सुमारास आडवं सेफ्टी बटण. बटण नंतरच्या काळात मुठीवर सरकलं, घोडा तसाच राहिला. सुरक्षेसाठी घोडा अर्ध्यावर ठेवण्याची जुनी साधी सोय गेली आणि चापाची मजाही गेली. इथे मी जुन्यांच्या बाजूने.

तेव्हा दुकानात सन विचारण्याआधी रायफल रिकामी आहे याची खात्री करा, लिव्हर खाली ओढा आणि लिफ्टर पाहा. रायफलीवरचा अनुक्रमांक २७ लाखांच्या पुढचा (म्हणजे १९६४ नंतरचा) आणि लिफ्टर पत्र्याचा, तर भाव पाडून मागा.