ग्रुपला या म्हणे!

खानापूरचा रस्ता पाण्याखाली गेला की नाही, एवढं कळायला मी आणखी किती ग्रुपांत शिरू? बातमी हवी? ग्रुप जॉइन करा. शाळेला सुट्टी? ॲप टाका. मग नंबर द्या, लोकेशन द्या. उद्या शेताचा उतारा मागतील!

अरे, आरएसएस (संघ नव्हे हो, साइटवरच्या नव्या बातम्यांची यादी देणारी ‘फीड’) १९९९ पासून आहे. ॲटम या तशाच दुसऱ्या फीडचं प्रमाण २००५ मध्ये ठरलं. साइटवर एक फाइल ठेवायची, वाचक आपल्या रीडरमध्ये, म्हणजे फीड वाचायच्या प्रोग्रॅममध्ये, बघून घेतो. ना नंबर, ना ‘शुभ सकाळ’चे गुलाब. पण २०१३ ला गूगल रीडर बंद काय झालं, सगळ्यांनी फीडचंच तेरावं घालून टाकलं.

इथल्या एका न्यूज साइटची फीड आहे म्हणा. असून नसल्यासारखी! मथळ्यात कुणीतरी ‘अँड’चं चिन्ह (&) तसंच ठोकतं, फीड ज्या एक्सएमएल भाषेत लिहितात तिला ते चालत नाही, अख्खी फीड आडवी. कळवलं तर उत्तर काय? ‘सर, ग्रुपला या की.’ तारखेच्या रकान्यात तर चक्क ‘आज सकाळी’. कुठली सकाळ? गेल्या पावसाळ्यातला पूर परवा रीडरमध्ये वर आला. मी घाबरून निपाणीच्या आत्याला फोन लावला, तर ती गच्चीवर सांडगे वाळवतेय!