अ‍ॅन सेक्स्टनला कुणी वाचते का?

आज सकाळी कुणीतरी अमेरिकन कवयित्री अ‍ॅन सेक्स्टनचे छायाचित्र टाकून खाली तिच्या आत्महत्येची हळहळ लिहिली आणि त्याखाली ‘वेडाशिवाय प्रतिभा नाही’ अशा प्रतिक्रियांची रांग लागली. मला मनस्वी संताप आला.

बाळंतपणानंतरच्या मानसिक आजारामुळे १९५६ मध्ये रुग्णालयात गेलेली ही बॉस्टनजवळची गृहिणी तिचे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. मार्टिन ऑर्न यांच्या सांगण्यावरून लिहू लागली, दूरचित्रवाणीवर सुनीताच्या, म्हणजे सॉनेट या चौदा ओळींच्या काव्यप्रकाराच्या, रचनेविषयीचे व्याख्यान ऐकून सुनीते रचू लागली, आणि १९६७ मध्ये तिला कवितेचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. मधल्या वर्षांतील मेहनत कुणाच्या खिजगणतीतही नाही. तिची ‘द डबल इमेज’ ही कविता वाचा. आत्महत्येच्या प्रयत्नानंतर माहेरी आलेल्या मुलीला आई क्षमा करत नाही, तिचे चित्र मात्र चित्रकाराकडून काढवून घेते. आणि ही जीवघेणी हकिगत तिने यमकांत घट्ट बांधली आहे. हे काय भ्रमात लिहून होते?

महाविद्यालयातल्या काव्यवाचनात माझ्या एका मैत्रिणीने मनोरुग्णालयातील आईवरची कविता वाचली, तेव्हा अध्यक्षस्थानी असलेले ज्येष्ठ कवी सर्वांसमक्ष म्हणाले, “बाळ, घरातले असे चव्हाट्यावर मांडू नये.” तिने वही मिटली, ती पुन्हा कुठे वाचायला उभी राहिली नाही. सेक्स्टनचे गुरू जॉन होम्स यांनीही १९५९ मध्ये तिला बजावले होते की रुग्णालयाच्या कविता छापू नकोस, त्या पुढे तुला आणि तुझ्या मुलींना छळतील. तिने त्यांनाच उद्देशून कविता लिहिली आणि १९६० च्या पहिल्या संग्रहात छापली. माझ्या एकोणीस वर्षांच्या मैत्रिणीने ते बळ कुठून आणायचे होते?

थोरल्या मुलीने, लिंडाने, आईकडून झालेल्या लैंगिक अत्याचाराविषयी पुढे लिहिले. ते नाकारता येत नाही आणि नाकारूही नये. पण सेक्स्टनच्या मृत्यूनंतर डॉ. ऑर्न यांनी तिच्या उपचारांच्या ध्वनिफिती चरित्रकाराच्या हाती दिल्या, हे लिंडाच्या संमतीने झाले असले तरी मला आजही पटत नाही. कवितेत काय सांगायचे ते सेक्स्टनने स्वतः निवडले होते, ओळ न् ओळ घासून. ध्वनिफिती चरित्रकाराला देण्याबाबत तिला कुणी विचारले नाही.

याच सेक्स्टनने १९६८ च्या सुमारास मॅक्लीन मनोरुग्णालयातील रुग्णांचा कवितेचा वर्ग घेतला होता. माझ्या मैत्रिणीला तशा वर्गात कुणी वही मिटायला लावली नसती. फार तर एखादी ओळ सैल आहे, ती पुन्हा लिहून आण, एवढेच सांगितले असते.