५० टक्के म्हणजे निम्मा वेग नव्हे

नमस्कार,

माझ्या लेखातलं 'लॅपटॉपचा प्रोसेसर ९९ टक्क्यांवर ठेवा, बॅटरी जास्त टिकेल' हे वाचून तुम्ही देवगडला तो थेट ५० वर आणलात. आता आंबा-पेट्यांच्या बिलांची एक्सेल फाइल उघडता उघडत नाही आणि लाइट गेल्यावर बॅटरी पूर्वीसारखीच दोन तासांत संपते, म्हणून सल्ला फुकट, असं तुमचं म्हणणं. राग रास्त आहे. ९९ च्या खाली का जायचं नाही, हे लेखात लिहायलाच हवं होतं.

तुमचा आय-फाइव्ह ८२५०यू प्रोसेसर मुळात १.६ गिगाहर्ट्‌झचा, टर्बोत, म्हणजे गरजेपुरता वेग वाढवून, ३.४ पर्यंत चढणारा. विंडोजमधली ही टक्केवारी मूळ वेगावर धरली जाते. ९९ केलं की टर्बो बंद होतो आणि वेग १.६ च्या आसपास थांबतो. ५० केलं की तो ०.८ वर येतो, म्हणजे ३.४ च्या पाव हिश्श्याहूनही खाली. एक्सेल रांगणारच.

मग एवढं हळू करूनही बॅटरी का वाचली नाही? वेग वाढवायचा तर चिपला व्होल्टेजही वाढवून द्यावं लागतं, आणि विजेचा खप वेगाच्या प्रमाणात, शिवाय व्होल्टेजच्या वर्गाने वाढतो. समजा, वेग दुप्पट करताना व्होल्टेज ०.८ वरून १.२ झालं, तर खप साडेचारपट होतो (वेगाचे २ गुणिले १.५ चा वर्ग २.२५). म्हणून टर्बोचा वरचा टप्पाच खरा महाग, आणि ९९ ने तोच कापला जातो. खाली मात्र एका पातळीनंतर व्होल्टेज उतरतच नाही. वेग तेवढा कमी होतो, दहा मिनिटांचं काम वीस मिनिटं चालतं, आणि ती जादा दहा मिनिटं स्क्रीन, रॅम, वायफाय बॅटरी खातच राहतात. काम लवकर उरकून झोपी जाणारा प्रोसेसर जास्त वाचवतो.

तेव्हा कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, चेंज प्लॅन सेटिंग्ज, अॅडव्हान्स्ड सेटिंग्ज, प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट, मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट असं जा. 'ऑन बॅटरी'ला ९९, 'प्लग्ड इन'ला १०० ठेवा. स्क्रीनचा उजेड निम्म्यावर आणा. मग काहीही न करता टास्क मॅनेजर, म्हणजे कोणता प्रोग्राम किती राबतोय ते दाखवणारी विंडोजची खिडकी, पाहा. प्रोसेसर दोन-पाच टक्क्यांऐवजी सतत पंचवीस-तीसवर दिसला, तर मागे अपडेट, अँटिव्हायरस किंवा ब्राउझरचा एखादा टॅब राबतोय. आधी त्याला आवरा.

फॅन सारखा घोंघावतो, असंही तुम्ही लिहिलंय. किनाऱ्यावरच्या दमट, खाऱ्या हवेत धूळ सुटी राहत नाही, हीटसिंकच्या, म्हणजे चिपची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या, जाळीत ओल्या कापसासारखी घट्ट बसते. हवा अडली की चिप तापते, वेग आपोआप उतरतो. शिवाय तापलेल्या चिपमधून वीज जास्त गळते, म्हणजे त्याच कामाला जास्त वॉट. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, खालचं झाकण उघडून बॅटरीचा कनेक्टर सोडवा. फॅनची पाती टूथपिकने अडवून मऊ ब्रशने जाळी साफ करा. तोंडाने फुंकू नका, थुंकीची ओल आत जाते. चिप आणि हीटसिंक यांच्यामधली उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट वाळली असेल तर जुनी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी तुरीच्या दाण्याएवढी लावा. आणि अंथरुणावर ठेवून काम नको, गोधडीने खालची भोकं बुजतात.

आता त्या दोन तासांबद्दल. मला संशय प्रोसेसरचा नाही, बॅटरीचाच आहे. कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे विंडोजला टाइप करून हुकूम देण्याच्या खिडकीत, 'powercfg /batteryreport' असं टाइप करा. तयार होणाऱ्या फाइलमध्ये 'डिझाइन कपॅसिटी' (नवी असतानाची क्षमता) आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' (आता पूर्ण चार्जला उरलेली) असे दोन आकडे असतील. पहिला ४२,००० आणि दुसरा १८,००० मिलिवॉट-तास, म्हणजे १८ वॉट-तास, निघाला, तर ९ वॉट खाणारा लॅपटॉप दोनच तास चालणार, सेटिंग काहीही ठेवा. हे दोन आकडे इथे लिहा, बॅटरी बदलायची की नाही ते त्यावरून लगेच सांगता येईल.