निळ्या पाटीची गाडी आणि अकरा दिवसांनी झालेला पंचनामा

मी कोल्हापुरात गेली अठरा वर्षे प्रामुख्याने मोटार अपघाताच्या दाव्यांचे काम करतो. गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे एक दूधवाले मामा आले. डाव्या हाताला प्लास्टर होते आणि उजव्या हातातल्या पिशवीत सीपीआर रुग्णालयाचे कागद होते. पहाटे डेअरीला दूध घालायला जाताना पुणे-बेंगळुरू महामार्गाच्या सेवा रस्त्यावर मागून आलेल्या मोटारीने त्यांच्या दुचाकीला धडक दिली, दोन्ही कॅन रस्त्यावर उपडे झाले आणि मनगटाचे हाड मोडले. गाडी पळून गेली नव्हती, ती थांबली होती. चालक खाली उतरला, मागच्या सीटवरचे परदेशी गृहस्थही उतरले, पोलीसही पंधरा-वीस मिनिटांत आले. तरीही मामांच्या पिशवीत ना फिर्यादीची प्रत होती, ना पंचनाम्याची.

कारण विचारले तेव्हा मामांनी हवालदारांचे शब्द जसेच्या तसे सांगितले, “निळी पाटी हाय मामा. वकिलातीची गाडी. आपल्याला हात लावता येत न्हाई, उगंच वरनं फोन येतील.” गाडी गोव्याच्या दिशेने निघून गेली आणि स्टेशन डायरीत साधी ओळसुद्धा पडली नाही. कुणा नातेवाइकाने मोबाईलवर गाडीचा फोटो काढून ठेवला होता, तेवढाच काय तो पुरावा.

हवालदारांवर माझा राग नाही. वीस वर्षांच्या नोकरीत अशी गाडी त्यांच्यासमोर एकदा आली, आणि त्या एका प्रसंगासाठी त्यांना कुणी काही शिकवलेलेच नव्हते. पण ते जे बोलले त्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे, आणि ती केवळ त्यांचीच नाही म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

त्या फोटोत निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत ‘सीसी’ असे लिहिलेले स्पष्ट दिसते. ‘सीडी’ अक्षरांची गाडी दूतावासाची, म्हणजे राजनैतिक अधिकाऱ्यांची असते, आणि ‘सीसी’ अक्षरांची गाडी वाणिज्य दूतावासाची, म्हणजे व्हिसा, व्यापार अशी कामे पाहणाऱ्या कार्यालयाची असते. परदेशांचे दूतावास दिल्लीत आहेत आणि मुंबईत आहेत ते वाणिज्य दूतावास, त्यामुळे मुंबईहून आपल्या जिल्ह्यातून गोव्याकडे जाणारी निळ्या पाटीची गाडी बहुतेक वेळा ‘सीसी’चीच असणार. हा फरक केवळ एका अक्षराचा नाही. राजनैतिक अधिकाऱ्यांना 1961 च्या व्हिएन्ना कराराने जवळजवळ पूर्ण संरक्षण दिले आहे. त्यांना अटक करता येत नाही, त्यांच्यावर फौजदारी खटला चालवता येत नाही, आणि आपल्या संसदेने 1972 मध्ये कायदा करून ते मान्य केले आहे. वाणिज्य दूतांसाठी 1963 चा वेगळा करार आहे आणि त्यातले संरक्षण फार आखूड आहे. ते मुख्यतः कार्यालयीन कामात केलेल्या कृतींपुरते आहे. त्याच कराराच्या कलम 43 मध्ये तर असे स्पष्ट लिहिले आहे की, वाहनाच्या अपघातातून झालेल्या नुकसानीबद्दल तिसऱ्या व्यक्तीने आणलेल्या दिवाणी दाव्याला हे संरक्षण लागू होणार नाही. वाहनाचा विमा उतरवण्याचे बंधनही करारानेच घातले आहे. म्हणजे करार लिहिणाऱ्यांनी आमच्या दूधवाल्या मामांसारख्या माणसाचा विचार साठ वर्षांपूर्वीच करून ठेवला होता.

आणि गाडी चालवत कोण होते? मुंबईत राहणारा एक भारतीय चालक, पगारी नोकर. तो या देशाचा नागरिक असल्यामुळे खाजगी प्रवासातल्या धडकेबद्दल त्याला यातले कोणतेही संरक्षण नव्हते. त्याचा परवाना पाहायला, जबाब घ्यायला आणि गुन्हा नोंदवायला कुणाची परवानगी लागत नव्हती.

समजा, गाडी ‘सीडी’ची असती आणि स्वतः राजदूत ती चालवत असते, तरी पोलिसांचे काम संपत नव्हते. संरक्षण अटकेपासून आणि खटल्यापासून असते, घडलेल्या गोष्टीच्या नोंदीपासून नसते. गाडी थांबवता येते, परराष्ट्र मंत्रालयाने दिलेले ओळखपत्र मागता येते, रस्त्याची मोजमापे आणि छायाचित्रे घेता येतात, साक्षीदारांचे जबाब लिहिता येतात आणि ते सगळे वरिष्ठांमार्फत मंत्रालयाच्या राजशिष्टाचार विभागाकडे पाठवता येते. चालक दारू प्यायलेला असेल तर त्याला पुन्हा गाडी चालवू न देणे हे तर लोकांच्या जिवासाठी आवश्यकच आहे. 2015 मध्ये गुडगावला एका परदेशी राजनैतिक अधिकाऱ्याच्या घरातून दोन नेपाळी महिलांची सुटका झाली, तेव्हा हरियाणा पोलिसांनी गुन्हा नोंदवला होता. तो अधिकारी पुढे देश सोडून गेला, पण त्या बायकांनी जे सांगितले ते सरकारी कागदावर राहिले.

कागदाला महत्त्व का आहे, हे 1997 च्या वॉशिंग्टनमधल्या अपघाताने दाखवून दिले. जॉर्जिया देशाच्या दूतावासातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या अधिकाऱ्याने दारूच्या नशेत भरधाव गाडी चालवली आणि सोळा वर्षांची एक मुलगी त्यात गेली. संरक्षण त्या अधिकाऱ्याचे नसते, त्याच्या देशाचे असते, आणि ते काढून घेण्याचा अधिकारही त्या देशालाच असतो. जॉर्जियाने ते काढून घेतले आणि त्या अधिकाऱ्याला सात ते एकवीस वर्षांची शिक्षा झाली. त्या रात्रीचा तपासच झाला नसता, तर संरक्षण काढूनही न्यायालयासमोर ठेवायला काय उरले असते?

मी हे संरक्षणाच्या विरोधात लिहीत नाही. दूताला हात लावू नये हे मराठी मुलुखाला कुणी शिकवायला नको. शिवकाळात हेजीब, म्हणजे दूत, येत-जात होते, पुढे 1786 पासून पेशवे दरबारात इंग्रजांचा रेसिडेंट होता, आणि दूताला आपण वकील म्हणत होतो, म्हणून तर ‘वकिलात’ हा शब्द आला. 2013 मध्ये न्यूयॉर्कला आपल्या उपमहावाणिज्य दूत देवयानी खोब्रागडे यांना अटक करून त्यांची अंगझडती घेतली गेली, तेव्हा मलाही संताप आला होता आणि तो आजही योग्यच वाटतो. पण अमेरिकेचा तेव्हाचा युक्तिवाद हाच होता की, वाणिज्य दूताचे संरक्षण कार्यालयीन कामापुरते असते. ज्या कराराच्या आधारे आपण 2019 मध्ये कुलभूषण जाधवांसाठी हेगच्या न्यायालयात दाद मिळवली, तोही हाच 1963 चा करार. आपल्या माणसांसाठी तो इतक्या बारकाईने वाचणारा देश आपल्याच रस्त्यावरच्या जखमी माणसासाठी तो वाचत नाही, याचे मला वाईट वाटते.

माझी मागणी लहान आहे. महामार्गावरच्या प्रत्येक पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदाराच्या टेबलामागे मराठीत एक पान लावावे. त्यावर ‘सीडी’ आणि ‘सीसी’ म्हणजे काय, कोणाला अटक करता येत नाही, काय मात्र लिहून घ्यायचेच आणि रात्री-अपरात्री कोणत्या क्रमांकावर विचारायचे, एवढेच असावे. त्यामुळे हवालदारालाही ‘वरनं फोन येतील’ या भीतीतून बाहेर पडता येईल, कारण फोन आला तर दाखवायला त्याच्या हातात काहीतरी असेल.

मामांच्या बाबतीत आम्ही नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) प्रमाणे पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज दिला आणि त्यानंतर गुन्हा दाखल झाला. अपघाताचा पहिला अहवाल नियमाप्रमाणे 48 तासांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जायला हवा, इथे पंचनामाच अकराव्या दिवशी झाला. मी त्या वेळी तिथे उभा होतो. मधल्या काळात चार वेळा मोठा पाऊस झाला होता, समोरच्या ढाब्यावरच्या कॅमेऱ्यातले चित्रण आठवड्यातच पुसले गेले होते, आणि मामा प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून कॅन कुठे पडले ते दाखवत होते. पंचांच्या सह्यांच्या वरची शेवटची ओळ अशी आहे: “घटनास्थळी अपघाताची कोणतीही खूण मिळून आली नाही.”